गावच्या शाळेत जर्मनचा वर्ग : पैसा कुठून आणायचा आणि आधी कुठे लावायचा

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुणांचा आकडा पेपरात आला आणि जर्मन भाषेची चर्चा आपल्या विदर्भातल्या पानठेल्यापर्यंत पोचली. त्याआधी 2016 मध्ये नागपूर मेट्रोसाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनं 50 कोटी युरोचं कर्ज दिलं होतं, पण तेव्हा कुणी शाळेत येऊन जर्मनचं विचारलं नव्हतं. आता सरपंच विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, पुण्यात नोकरीला असलेला गावचा मुलगा फोन करून विचारतो : "चौथी-पाचवीच्या लेकरांसाठी वर्ग काढायचा आहे, थोडे पैसे जमलेत, काय घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी काहीही विकत घेऊ नका. शिकवणारा माणूस शोधा, त्याच्या तीन वर्षांच्या मानधनाची सोय करा, आणि तेवढे पैसे दिसत नसतील तर वर्ग सुरू करू नका. मी पाहिलेले बंद पडलेले वर्ग पुस्तकांवाचून बंद पडले नाहीत. शिक्षक दिवाळीला गेला आणि परत आला नाही म्हणून बंद पडले. भिंतीवरचा मोठा टीव्ही मात्र तसाच राहिला.

पहिली पायरी : शाळेच्या वेळापत्रकात याला जागा कुठे आहे ते बघा

नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी, कोरियन अशा विदेशी भाषांचा उल्लेख आहे, पण तो माध्यमिक स्तरासाठी. आपल्या राज्य मंडळातही दहावी-बारावीला जर्मन हा विषय घेता येतो. पहिली ते पाचवीत मात्र जर्मन हा अभ्यासक्रमातला विषय नाही, आणि तो तसा घुसवायचा प्रयत्न करू नका. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून राज्यात केवढा वाद झाला आणि शेवटी तो निर्णय मागे घ्यावा लागला, हे सगळ्यांनी पाहिलंय. लहान मुलांवर भाषांचं ओझं हा आपल्याकडे नाजूक विषय आहे आणि तो तसा असणं मला योग्यच वाटतं.

म्हणून वर्ग ठेवायचा तो छंदवर्ग म्हणून : शाळा सुटल्यावर पाऊण तास, किंवा शनिवारी. जिल्हा परिषदेच्या शाळांत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच. गाणी, खेळ, चित्रं यांतून भाषा शिकवायची असेल तर तो दिवस अगदी सोयीचा.

वय किती? तिसरी-चौथीच्या आधी नको. याबाबत मी हट्टी आहे. जे मूल अजून मराठीचा धडा अडखळत वाचतं त्याला रोमन लिपीतली दुसरी परकी भाषा देऊ नये. त्याला गाणी म्हणू द्या, खेळात घ्या, पण लिहायला लावू नका. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमचा विचार मांडला गेला, त्यात शिक्षण मातृभाषेतूनच हा पाया होता. ते वर्धा आपल्यापासून एसटीच्या अंतरावर आहे. वर्गातल्या सूचना, समजावणं, रागावणंसुद्धा मराठीतूनच व्हावं. गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या घरच्या भाषेतले शब्दही फळ्यावर यावेत.

मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. ठराव लेखी घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट असू द्या : वर्ग ऐच्छिक आहे, मोफत आहे, शाळेच्या वेळेबाहेर आहे, आणि बाहेरून येणाऱ्या शिक्षकाची पोलीस पडताळणी झालेली आहे. शेवटचा मुद्दा कुणी संकोचानं टाळू नये. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पुढे कंपनीकडे जाल तेव्हा पहिला कागद हाच मागतात.

दुसरी पायरी : शिक्षक

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

विदर्भातल्या खेड्यात जर्मन शिकवू शकणारी माणसं साधारण तीन वाटांनी मिळतात. पहिली वाट म्हणजे नागपूर-अमरावतीत जर्मन शिकणारे तरुण. यांत नर्सिंग झालेल्या मुली बऱ्याच असतात. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला बी1-बी2 पातळीची भाषा लागते (ए1 ही अगदी सुरुवातीची पातळी, मग ए2, बी1, बी2 अशा वरच्या), म्हणून त्या मेहनतीनं शिकलेल्या असतात. मुलांशी छान वागतात, गावाकडच्याच असतात. पण व्हिसा आला की जाणार, आणि जायलाच हवं. त्यांच्या भरवशावर एकटा वर्ग उभा करणं म्हणजे दरवर्षी नव्यानं सुरुवात.

दुसरी वाट ऑनलाइन शिक्षकाची. पुण्या-मुंबईचे चांगले शिक्षक यातून मिळतात. पण पडद्यावरचा शिक्षक तिसरीच्या मुलाची वही बघू शकत नाही. मागच्या ओळीतली मुलगी गप्प बसली आहे हे त्याला दिसत नाही. पावसाळ्यात वीज गेली की सगळंच थांबतं.

तिसरी वाट सगळ्यात लांबची आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची : शाळेतल्याच एखाद्या बाईंनी किंवा सरांनी, नाहीतर गावातल्या पदवीधर मुलीनं जर्मन शिकायचं. ती गाव सोडून जाण्याची शक्यता कमी, मुलं तिला ओळखतात, आणि पालक तिच्यावर विश्वास ठेवतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून जोडी लावा. बी1 झालेला बाहेरचा शिक्षक शिकवेल, आणि गावातली जोडशिक्षिका प्रत्येक तासाला वर्गात बसेल, मुलांबरोबर शिकेल, मधल्या दिवसांत उजळणी घेईल. तिच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च अंदाजपत्रकात धरा. इग्नूचा जर्मनचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. गोएथे-इन्स्टिट्यूट, ज्याला आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणतात, त्याची महाराष्ट्रातली केंद्रं पुणे आणि मुंबईत आहेत आणि ऑनलाइन वर्गही चालतात. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए1 पासूनचा अभ्यासक्रम तर फुकट आहे. रोज अर्धा तास दिला तर दोन वर्षांत ही शिक्षिका लहान मुलांचा वर्ग एकटीनं सांभाळू शकते.

शिक्षक निवडताना प्रमाणपत्र बघाच, पण त्याला एक तास वर्गात उभं करा. मी एवढंच बघते : पहिल्या दहा मिनिटांत किती मुलांनी तोंड उघडलं? फळ्यावर व्याकरणाचा तक्ता काढून सुरुवात करणारा माणूस मोठ्यांसाठी चांगला असेल, चौथीसाठी नाही.

तिसरी पायरी : हिशेब

खाली एका वर्गाचा, तीस मुलांचा, आठवड्यातून दोन तासिकांचा अंदाज मांडला आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या तालुक्यातले दर लावून बदला.

मानधन महिना 3,000 रुपये धरलं तर दहा महिन्यांचे 30,000. प्रवास महिना 800 प्रमाणे 8,000. झेरॉक्स, चित्रकार्डं, वह्या यांना 4,000. जोडशिक्षिकेचं शिक्षण आणि परीक्षा यासाठी 8,000. म्हणजे वर्षाला 50,000 आणि तीन वर्षांचे दीड लाख. मुलामागे वर्षाला सुमारे 1,670 रुपये पडतात.

मानधन तासावर देऊ नका, महिन्यावर द्या. जुलैत नाल्याला पूर आला आणि एसटी आली नाही तर तो शिक्षकाचा दोष नाही. आणि वेळेवर द्या. तीन महिने थकलेलं मानधन आणि "देणगीदाराचा चेक यायचाय" हे उत्तर, एवढ्यावर चांगली माणसं सोडून जातात. निदान चार महिन्यांचं मानधन बँकेत आधी पडलेलं असावं, मगच उद्घाटनाचा नारळ फोडा.

तीन वर्षं कशासाठी? गोएथे-इन्स्टिट्यूट ए1 पातळीसाठी 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका धरते. आपल्याकडे सुट्ट्या, सण, पूर, निवडणुकीची कामं वजा जाता आठवड्याला दोन प्रमाणे वर्षाच्या साठेक तासिका होतात. लहान मुलांना वेळ जास्त लागतो. एका वर्षात मूल स्वतःची ओळख सांगेल, गाणी म्हणेल, अंक मोजेल. त्यापुढे जायचं तर दुसरं आणि तिसरं वर्ष हवंच. एका वर्षाचा निधी देणाऱ्याला हे गणित दाखवा.

चौथी पायरी : पैसा

गावातून सुरू करा. रक्कम छोटी असली तरी बाहेरचा देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो की गावानं काय दिलं. शाळा व्यवस्थापन समितीचं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचं असतं. शाळेसाठीची देणगी त्या खात्यात, पावती देऊन. कुणाच्या वैयक्तिक फोनच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नका. गावात पैशाचा संशय एकदा आला की जर्मनच काय, शाळेचं स्नेहसंमेलनही अवघड होतं. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशीच.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 10 टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. त्यातून थोडी मदत मागता येते, ग्रामसभेत विषय घेऊन. आदिवासी भागातल्या पेसा गावांत अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा येतो, तेंदू आणि बांबूचं उत्पन्न असलेल्या ग्रामसभाही गडचिरोलीत आहेत. तिथे माझं स्पष्ट मत असं की शाळेला पाणी, संडास, कुंपण नसेल तर हा पैसा जर्मनसाठी मागू नये. खनिज पट्ट्यातल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीचंही तेच. आमदार-खासदार निधी तर टिकाऊ कामांसाठी आणि वस्तूंसाठी असतो, मानधन त्यातून निघत नाही.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च, हा मोठा स्रोत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. शिक्षण त्या यादीत आहे, आणि कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. म्हणून नकाशा उघडा. वणी, उमरेड, बल्लारपूरकडे असाल तर कोळसा खाणींची वेकोलि. भंडाऱ्यात तुमसर भागात असाल तर मँगनीज खाणींची मॉईल. कोरपना-गडचांदूरकडे सिमेंट कारखाने. तुमचं गाव खाणीपासून दीडशे किलोमीटरवर असेल तर त्यांना अर्ज करण्यात वेळ घालवू नका. तालुक्यातली जिनिंग किंवा दालमिल कायद्याच्या कक्षेत नसली तरी मालक गावचा असतो, आणि वर्षाचे वीस हजार तो आनंदानं देऊ शकतो.

कंपनी सहसा शाळेच्या हाती रोख देत नाही, संस्थेमार्फत काम करते. त्या संस्थेकडे आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी (80जीमुळे देणगीदाराला करसवलत मिळते), सीएसआरचं काम घेण्यासाठीचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नवीन संस्था काढण्याच्या भानगडीत पडू नका. जिल्ह्यात शिक्षणात काम करणारी जुनी, हिशेबाला चोख संस्था शोधा आणि तिच्या नावानं प्रस्ताव द्या. प्रस्ताव तीन पानांचा पुरे : शाळा, मुलं, शिक्षक कोण, तीन वर्षांचा खर्च, प्रगती कशी मोजणार. "खेड्यातल्या मुलांना जागतिक संधी" यावर दोन पानं लिहू नका. जोडशिक्षिकेचं नाव आणि तिचा अभ्यासक्रम लिहा, वाचणाऱ्याला त्यातून वर्ग टिकणार असल्याचं कळतं.

गावातून बाहेर गेलेली मुलं हाही चांगला आधार. मानधनातला एक-एक महिना एकेका माजी विद्यार्थ्यानं घ्यायचा, असं दहा जणांत वाटलं की वर्ष निघतं. 80जी पावतीसाठी 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोखीत घेऊ नका, करसवलत मिळत नाही. पैसे नसतील त्यांना शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली पोर्टलवरून शासकीय शाळेसाठी वेळ किंवा वस्तू देता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी, कारण विषय जर्मनचा असल्यानं हा प्रसंग हमखास येतो. जर्मनीतला कुणी भला माणूस म्हणेल, मी पैसे पाठवतो. थांबा. विदेशी अंशदान कायदा 2010 म्हणजे एफसीआरए प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून पैसा घेता येत नाही. शाळेला भेट दिलेले लॅपटॉपही त्यात धरले जातात. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर किमान 15 लाख खर्च केलेली लागते, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला वळताही करू शकत नाही. म्हणजे "त्यांच्या खात्यात घेऊ, मग ते आपल्याला देतील" हा मार्ग बंद. ती संस्था स्वतः वर्ग चालवत असेल तर चालतं.

यात एक फरक ध्यानात ठेवा. गावचा मुलगा जर्मनीत नोकरी करतो पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्यानं स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गानं दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. त्यानं जर्मन नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. देणगी घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा आणि फाइलला लावा.

आणि गोएथे-इन्स्टिट्यूट किंवा जर्मन सरकार? 2008 पासून जर्मन परराष्ट्र खात्याचा 'पाश' नावाचा उपक्रम जगभरातल्या सुमारे 2,000 शाळांबरोबर चालतो. त्यासाठी शाळा निवडल्या जातात. आपल्या आकाराच्या शाळेनं तिथून पैशाची आशा धरू नये. शिक्षक-प्रशिक्षण, साहित्य, परीक्षा यांसाठी मात्र त्यांना नक्की लिहा. 8 ते 12 वयाच्या मुलांसाठी त्यांचा 'किंडरयुनि' हा ऑनलाइन मंच मोफत आहे.

पाचवी पायरी : वर्गात काय चालावं

देणगीदारानं आणि पालकांनी एकदा तरी वर्गात बसावं, म्हणून हे सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलं लाकडी नंदी सजवतात. ते नंदी वर्गात आणायला सांगा. प्रत्येक मूल आपला नंदी वर धरतं : "दास इस्ट माइन ओक्से." हा माझा बैल. मग रंग, शिंगं, शेपूट, किती पाय. मूल लाजत नाही, कारण ते आपल्या नंदीबद्दल बोलत असतं. चिंचोके घेऊन अंक शिकवा. जर्मनमध्ये चोवीस म्हणताना आधी चार येतो, मग वीस, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतल्या 'ट्वेंटी फोर'ला अडखळणारी मुलं इथे चटकन पुढे जातात. नामांची तीन लिंगंही मराठी मुलाला नवी नाहीत. कुठल्या शब्दाला कुठलं लिंग हे पाठ करावं लागतं, पण मुळात तीन असतात याचं त्याला नवल वाटत नाही. लिहिणं दुसऱ्या सहामाहीत.

वर्षाची आखणी आपल्या हवामानावर करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यांचा भरवसा नसतो, म्हणून त्या काळात जोडशिक्षिकेच्या उजळण्या जास्त ठेवा. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू होते आणि पाचवी-सहावीची मुलं आईबरोबर वावरात जातात. त्या महिन्यात नवीन धडा घेऊ नका, आणि गैरहजर मुलाचं नाव वर्गातून कमी करू नका. मार्चपासून सकाळची शाळा, तेव्हा दुपारचा वर्ग बंद. ऑनलाइन तासाचे व्हिडिओ तालुक्याला गेल्यावर आधीच उतरवून घ्या.

पालकांना काय सांगायचं

खरं तेच सांगा. बाडेन-वुर्टेंबर्गचा करार कौशल्य असलेल्या प्रौढ तरुणांसाठी आहे. चौथीतल्या मुलाला नोकरीचं वय यायला दहा वर्षं आहेत. जर्मनीत जायला भाषेबरोबर आयटीआय, नर्सिंग, अभियांत्रिकी असं काहीतरी हातात लागतं. या वर्गातून मुलाचा कान तयार होतो, बोलायची भीड मोडते, आणि पुढे ठरवलं तर पाया असतो. एवढंच वचन द्या. "लहानपणापासून जर्मन, मग हमखास जर्मनी" असं सांगून लाखाची फी मागणारे दलाल तालुक्याला पोचले आहेत. पालकसभेत त्यांच्याबद्दल स्पष्ट बोला, आणि शाळेच्या वर्गाचं नाव त्यांच्या जाहिरातीत जाऊ देऊ नका.

शेवटची पायरी : परीक्षा आणि देणगीदाराला पत्र

10 ते 16 वयाच्या मुलांसाठी गोएथेची 'फिट इन डॉइच' ही ए1 पातळीची परीक्षा असते, ए2 ची 12 वर्षांपासून पुढे. तिसऱ्या वर्षानंतर, ज्याची तयारी आहे आणि ज्याला द्यायची आहे त्याच मुलाला बसवा. फी, पुण्या-मुंबईचा प्रवास आणि सोबत जाणाऱ्या पालकाचा खर्च वेगळा बाजूला काढून ठेवा, नाहीतर ज्याच्या घरी पैसे आहेत तेच मूल जातं.

दरवर्षी देणगीदाराला दोन पानी पत्र आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्या. पत्रात किती तासिका ठरल्या, किती झाल्या, न झालेल्यांचं कारण, वर्षभर टिकलेली मुलं किती, जोडशिक्षिका कुठवर पोचली हे लिहा. गळालेल्या मुलांचा आकडा लपवू नका. फोटोपेक्षा एका मुलाचा जूनमधला आणि फेब्रुवारीतला अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, पालकांची लेखी संमती घेऊन. हे पत्र फेब्रुवारी संपायच्या आत पोचायला हवं, कारण कंपन्यांचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चमध्ये ठरतं आणि तुमच्या शिक्षकाला जूनचं मानधन त्यातूनच द्यायचं असतं.